भाषेची प्रत आणि माणसाची पत

(स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीनं आणि पौड, कोळवण, मुठा, मोसे या खोऱ्यांतल्या गावकऱ्यांच्या वतीनं मी या परिषदेत आपलं सर्वांचं मनापासून स्वागत करतो. भाताची झोडणी उरकली आहे, खळी मोकळी झाली आहेत, नवा आंबेमोहर घरात आला आहे. पाहुणे बोलवायला आमच्याकडे याहून चांगला हंगाम नाही. दुपारी पंगतीत जो भात वाढला जाईल तो इथल्याच खाचरांतला आहे, आणि आमच्या बचत गटांच्या भगिनी पहाटेपासून चुलीपाशी आहेत. त्यांचे आभार मी भाषणाच्या शेवटी मानणार नाही, आत्ताच मानतो.

मुळशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला धरण आठवतं, ताम्हिणीचा घाट आठवतो आणि अलीकडे हिंजवडी आठवते. धरणाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी इथल्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा या खोऱ्यात घुमली. विनायकराव भुस्कुट्यांनी आणि पुढे राजेंद्र व्होरांनी त्याचा इतिहास लिहिला म्हणून तो आज आपल्या हाती आहे. पण त्या इतिहासातली एक गोष्ट मला भाषेच्या आजच्या विषयाशी जोडून सांगायची आहे. नांगर मावळ्याच्या हातात होता, तरी बऱ्याच जमिनींच्या कागदावर नाव पुण्याच्या सावकाराचं होतं. जमिनी संपादित झाल्या त्या १८९४च्या कायद्यानं, म्हणजे इंग्रजीत. मोबदल्याची बोलणी झाली ती कागद वाचणाऱ्यांशी. जो कसत होता त्याची भाषा त्या सगळ्या व्यवहारात कुठेच चालत नव्हती. आंदोलन का मोडलं याची कारणं अनेक आहेत, आणि ती जाणकारांनी मांडली आहेत. भाषेचं हे कारण त्यांत धरलं जात नाही. ते धरलं पाहिजे, असं माझं मत आहे.

आता याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका संपत्तीविषयी बोलतो. ती धरणात बुडाली नाही, पण विसरली मात्र जाऊ शकते.

१९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, आमच्या मुळशीत तर गावोगाव, जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पॉइतवॅं जन्मानं फ्रेंच. पुण्यात स्थायिक झाले, भारतीय नागरिक झाले आणि मराठी शिकले. त्यांच्याबरोबर काम करणारे कार्यकर्ते याच खोऱ्यांतले होते. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे आणत आहे. गाणाऱ्या बायांपैकी बहुतेकींनी शाळेचा उंबरा पाहिलेला नाही.

तरुण शिक्षकांनी या ओव्या ऐकाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरात सासरे-दिरांसमोर मान वर करून बोलायची सोय नसलेली सून पहाटे जात्याशी बसे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात आपलं म्हणणं मांडे. त्यात माहेर असे, भाऊ असे, सासूचा जाच असे, वनवासातली सीता असे. दलित वस्तीतल्या बायांच्या ओव्यांत बाबासाहेब आले. बोलायला बंदी होती, गाण्याला नव्हती. समाजानं दार लावलं तेव्हा या बायांनी भाषेतून खिडकी काढली. पुढे गावात वीज आली, पिठाची गिरणी आली, बाईचे हात मोकळे झाले. ते झालं हे फार चांगलं झालं, पहाटे तीनला उठून दळायचे दिवस परत यावेत असं कुणी म्हणू नये. पण जातं कोपऱ्यात गेलं तसं ओवीचं ठिकाणही गेलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात की खुंट्याला हात लागल्याशिवाय ओवी आठवत नाही. भाषा नुसती डोक्यात राहत नाही, ती कामात राहते, आणि काम बदललं की तीही जागा बदलते.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला आणि तो योग्यच आहे. मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून आपण ज्या गाथासप्तशतीचं नाव अभिमानानं घेतो, तिच्यात तरी कोण आहे? शेत राखणारी, पाण्याला जाणारी, नवऱ्याची वाट पाहणारी गावाकडची माणसंच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावकरणीचं बोलणं अभिजात आणि आजच्या गावकरणीचं अशुद्ध, हा हिशेब मला कधी जमलेला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत प्राथमिक शिक्षक म्हणून आयुष्य काढलं. ओव्या गाणाऱ्या बायांच्या नाती-पणत्या माझ्या वर्गात होत्या. त्यांच्या वह्यांत काय येतं ते इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. मूल ‘वढा’ लिहितं, आपण लाल शाई काढतो. पण जरा नीट पाहा. ओढ्याचा वढा होतो, ओट्याचा वटा होतो, ओल्याचं वलं होतं, ओळखीची वळख होते. शब्दाच्या सुरुवातीला ‘ओ’ आला की त्याचा ‘व’ होतो. तसंच ‘ए’चं: एक म्हणजे येक, एवढं म्हणजे येवढं. चूक कधी होते, कधी होत नाही. हे दरवेळी होतं, आजी करते, आई करते, मूल करतं. याला व्याकरणात नियम म्हणतात. ‘दूध’चं ‘दुधाला’ होताना दीर्घाचा ऱ्हस्व होतो, तो जसा नियम, तसाच हा नियम. फरक इतकाच की पहिला नियम पुस्तकात गेला आणि दुसरा मावळात राहिला.

पुस्तकात कोणता नियम जाणार हे कोण ठरवतं? १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं, मेजर कॅण्डीनं शाळेची पुस्तकं तपासून एक वळण लावलं. त्यांच्या हाताशी जे शास्त्री होते त्यांच्या घरची मराठी पुढे सर्वांची प्रमाण मराठी झाली. यात कुणाचा कट नव्हता, पण अधिकार मात्र होता. आणि अधिकार बदलला की शुद्धही बदलतं. १९६२पूर्वी ‘कांहीं’ या शब्दावर अनुस्वार न देणारा चुकत होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि अनुस्वार देणारा चुकू लागला. मराठी तीच होती, माणसंही तीच होती.

गैरसमज नको. लेखनासाठी एक प्रमाण भाषा हवी, याबद्दल मला शंका नाही. सातबारा, पोलिसातली फिर्याद, न्यायालयाचा निकाल, औषधाच्या बाटलीवरची सूचना या गोष्टी गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना सारख्या कळल्या पाहिजेत. मुळशीच्या लेकरानं प्रमाण मराठी उत्तम लिहिलीच पाहिजे, नाहीतर १९२१ सालच्या कुळासारखी त्याची गत होईल. माझं म्हणणं एवढंच आहे की आजवर भाषेची प्रत ठरली ती बोलणाऱ्याची पत पाहून, आणि हे मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी कळतं. त्याला कळतं की चूक माझ्या शब्दात नाही, माझ्या घरात आहे.

ही गोष्ट तपासून पाहणारी माणसं आपल्याकडे झाली. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून भारतात आल्या आणि १९६०च्या दशकात फलटणला जाऊन त्यांनी तिथल्या मराठीचा अभ्यास केला. जात आणि शिक्षण यांचा माणसाच्या बोलण्याशी कसा संबंध लागतो, हा त्यांचा विषय. प्रबंध पुरा झाल्यावर त्या परतल्या नाहीत. फलटणलाच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या, दलित-कष्टकरी वस्त्यांतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. जाई निंबकरांच्या साथीनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकंही त्यांनी केली. मला त्यांच्या कामाचं मोल वाटतं ते यासाठी, की परक्याला मराठी शिकवणं आणि गावातल्या मुलाला वाचन शिकवणं ही दोन्ही कामं त्यांनी सारख्याच गांभीर्यानं केली. आपल्याकडे पहिल्याला भाषाशास्त्र म्हणतात आणि दुसऱ्याला ‘प्राथमिक’ म्हणून बाजूला ठेवतात.

अमेरिकेतच १९७९ साली ॲन आर्बर शहरातल्या एका शाळेविरुद्धचा खटला गाजला. तिथल्या काही कृष्णवर्णीय मुलांना वाचन जमत नव्हतं आणि शाळा त्यांना मंद ठरवू पाहत होती. विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञानं न्यायालयात साक्ष दिली की या मुलांच्या घरच्या बोलीला स्वतःचे नियम आहेत. न्यायाधीश जॉयनर यांनी शाळेला सांगितलं की मुलांची घरची बोली शिक्षकांनी आधी समजून घ्यावी आणि तिच्या आधारानं त्यांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं. मुलांना बदलण्याआधी शिक्षकांना शिकवा, असा तो निकाल होता. आपल्याकडे असा खटला कुणी केलेला नाही.

आता आमच्या तालुक्यातल्या कातकरवाडीकडे येतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. त्यांच्या घरात बोलली जाते ती मराठीच्या जवळची, पण मराठीहून वेगळी भाषा. मी एका द्विशिक्षकी शाळेवर होतो. तिथे पहिलीत वाडीवरची एक मुलगी होती. आषाढभर ती वर्गात बसली, पण एक अक्षर बोलली नाही. श्रावणात एका पोरानं ओढ्यावरून खेकडा आणला आणि वर्गात सोडला. सगळी मुलं बाकांवर चढली. ही पुढे आली, खेकडा पाठीकडून उचलला, उलटा केला आणि पोटाखालची झडप दाखवून सांगू लागली. झडप रुंद असली की मादी, निमुळती असली की नर. पिल्लं पोटाशी असली तर सोडून द्यायची. कोणत्या दगडाखाली हात घालायचा आणि कोणत्या नाही, तेही तिनं सांगितलं. ती सांगत होती तिच्या भाषेत. माझ्या सहकारी बाईंना निम्मं कळत होतं, शेजारची मुलं उरलेलं समजावत होती. बाईंनी खडू घेतला, तिचे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि प्रत्येक शब्दाखाली पुस्तकातला मराठी शब्द लिहिला. त्या दिवसापासून ती मुलगी वाचायला लागली, कारण फळ्यावर प्रथमच तिच्या ओळखीचं काहीतरी होतं.

इथे गोष्ट संपत नाही. तिच्या बापानं पावसाळ्याच्या तोंडी वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळी झाली, टेम्पो आला, भांडीकुंडी आणि कोंबड्यांसकट सगळं बिऱ्हाड भट्टीवर गेलं. जूनमध्ये ती परत आली तेव्हा अक्षरं पुसून गेली होती. भाषाशिक्षणाच्या चर्चेत आपण पद्धती बोलतो, पाठ्यपुस्तकं बोलतो. उचलीविषयी कुणी बोलत नाही. त्या मुलीचं वाचन थांबवलं ते कोणत्याही चुकीच्या पद्धतीनं नाही, बापाच्या कर्जानं थांबवलं. विवेक पंडितांच्या विधायक संसदेनं ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांपाठोपाठ कुरणात शाळा नेली. शाळेनं मुलाकडे जायचं असतं, हे महाराष्ट्राला कळलेलं होतं. आपण ते टिकवलं नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. १६ एप्रिलला आदेश निघाला, १७ जूनला तो बदलला, २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, या मताचा मी आहे आणि आदेश मागे गेले याचं मला समाधान आहे. पण त्या सगळ्या गदारोळात पहिली भाषा कोणती, हे आपण सर्वांनी गृहीत धरलं. कातकरी, पावरा, कोरकू, गोंड, बंजारा मुलांना पहिलीत शिरताना जी पहिली परकी भाषा भेटते, ती आपली मराठी असते. जो न्याय आपण हिंदीच्या बाबतीत मागितला तोच या लेकरांना मराठीच्या बाबतीत द्यायला हवा: आधी घरची भाषा, तिचा हात धरून दुसरी.

भट्टीवर आणखी एक गोष्ट कानावर येते. मुकादम वयानं लहान असतो आणि बापाच्या वयाच्या कातकऱ्याला ‘अरे’ म्हणतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे आणि मोठं शस्त्रही आहे. शाळेतही कुणाच्या पालकांना ‘या, बसा’ होतं आणि कुणाच्या पालकांना ‘काय रे, कशाला आलास’ होतं. मुलं ऐकत असतात. महार समाजाला पिढ्यानपिढ्या वाकून जोहार घालावा लागे. त्या समाजानं तो टाकला आणि एकमेकांना ‘जय भीम’ म्हणायला सुरुवात केली. कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवलेल्या या दोन शब्दांनी माणसांच्या पाठी सरळ केल्या. समाज भाषा घडवतो हे खरंच आहे, पण माणसांनी ठरवलं तर भाषेनंही समाज हलतो, याचा याहून ठळक पुरावा मराठीत नाही.

तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, भाताच्या खाचरांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आज तिथल्या चहाच्या टपरीवर तेलुगू, बंगाली, मल्याळम कानावर पडते, आणि टपरीवाला गावचाच असला तरी गिऱ्हाईक दिसताच हिंदी सुरू करतो. बाहेरून आलेले लोक मराठी शिकत नाहीत अशी तक्रार सगळीकडे आहे. मी त्या तरुणांना विचारतो तेव्हा बरेच जण म्हणतात, शिकायची इच्छा आहे, पण आम्ही दोन वाक्यं बोललो की समोरचा माणूस हिंदीत उत्तर देतो. पॉइतवॅं मराठी शिकले कारण त्यांना ज्या बायांचं ऐकायचं होतं त्यांच्याशी दुसऱ्या भाषेत बोलताच येत नव्हतं. गरज आणि आपुलकी असली की भाषा येते. धाकानं चार शब्द पाठ होतात, भाषा येत नाही. आपण बोलताना थोडा धीर धरावा, हळू बोलावं, मराठीतच उत्तर द्यावं. आमच्या ग्रामपंचायतींनी आणि तिथल्या कंपन्यांनी मिळून संध्याकाळचे मराठी वर्ग चालवावेत आणि शिकवायला गावच्या बायांना मानधन देऊन बोलवावं, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. जमीन विकलेला शेतकरी पोराला इंग्रजी शाळेत घालतो, त्याला नावं ठेवू नका. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकायचं आवाहन केलं होतं, आणि ज्यांना संस्कृतनं शेकडो वर्षं दाराबाहेर ठेवलं त्यांच्यासाठी ते आवाहन रास्त होतं. इंग्रजी चांगली शिकवा, सर्वांना शिकवा. पण ज्या शाळेत शिक्षकालाही इंग्रजी नीट येत नाही, तिथे मूल घरची भाषा गमावतं आणि दुसरी त्याच्या हाती लागत नाही. अशा शाळा आमच्या रस्त्यावर बऱ्याच झाल्या आहेत.

परिषदांविषयी एक जुनी आठवण इथे करून देणं मला कर्तव्य वाटतं. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवलं. फुल्यांनी पत्रानं नकार कळवला. ज्या सभांत आणि ग्रंथांत सर्व माणसांच्या हक्कांचा विचार नाही त्यांच्याशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. मराठीतली प्रत्येक परिषद त्या पत्राला काहीतरी उत्तर देणं लागते. आमची ही परिषद थंडीत भरते आहे, कारण पाहुण्यांना थंडी सोयीची. पण याच दिवसांत आमच्या कातकरवाड्या रिकाम्या असतात. ज्यांच्या भाषेविषयी आपण दोन दिवस बोलणार, ती माणसं भट्ट्यांवर आहेत.

म्हणून स्वागत समितीनं एक निर्णय घेतला आहे. उद्याचं पहिलं सत्र मांडवात होणार नाही. तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका वीटभट्टीवर ते होईल. तिथल्या आईबापांना आम्ही विचारलं आहे, त्यांनी होकार दिला आहे. तिथे भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. मुलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि कागद आमच्या केंद्रशाळेत जमा करायचे, म्हणजे जूनमध्ये पहिलीच्या शिक्षकांना ते वापरता येतील. त्यांच्या आईवडिलांशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणायचं. राहण्या-जेवणाच्या सोयीत काही उणं राहिलं तर ते पोटात घाला, पण या सत्राला चुकू नका. बस सकाळी आठ वाजता पौडच्या एस.टी. स्थानकासमोरून सुटेल.